नवे स्केट घेण्याआधी जुन्यांची चाकं बघा

स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी ना कुणी येतंच. एका हातात पोराचं बखोट, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर चकचकीत स्केटचा फोटो. "मालक, हे घेतलं तर ह्याचा नंबर येईल का?"

माझं दुकान सायकलचं. पण बेअरिंग सायकलचं काय नि स्केटचं काय, आत घाण शिरली की अडतंच. त्यामुळे जुळे सोलापूर, विजापूर रोडकडची स्केटिंगची पोरं माझ्याकडे येऊ लागली. त्यांच्या घरच्यांची चूक एकच असते. अख्खा जोड एकदम बदलतात, आणि महिन्याभराने पोरगं होतं तिथंच असतं. नवा स्केट फक्त तेवढंच सोडवतो जे जुना अडवत होता. जुना नेमकं काय अडवत होता हे बघायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

इथं लिहिलंय ते इनलाइन स्केटबद्दल, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या. आणि एक अपवाद आधीच सांगतो: गड्ड्याच्या जत्रेत हौसेनं घेतलेला, प्लॅस्टिकच्या फ्रेमचा (बुटाखालची, चाकं धरणारी पट्टी म्हणजे फ्रेम) खेळण्यातला जोड असेल, तर पुढचं मोजमाप करत बसू नका. तो बदलाच.

## टप्पा १ : चाकं खोलण्याआधी वाचा

पहिली चूक इथंच होते. उत्साहात चाकं काढून बादलीत टाकतात आणि कुठलं चाक कुठल्या बुटाचं हे कायमचं हरवतं. तसं करू नका. स्केट उलटे करून खिडकीपाशी ठेवा आणि पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत रांगेवरून नजर न्या. दोन्ही बुटांचे फोटो काढून ठेवा.

आतली कड, म्हणजे दुसऱ्या पायाकडची, झिजलेली दिसेल. ती झिजणारच, कारण ढकलताना जोर तिच्यावरच येतो. त्यापलीकडचं बघा.

एकाच बुटाची चारही चाकं सुरीने तासल्यासारखी तिरकी झाली असतील, तर पोराला विचारा की तू थांबतोस कसा. मागचा पाय आडवा घासत थांबण्याची सवय असेल तर ती झीज ब्रेकची आहे, वेगाची नाही. पुढचं चाक बाकीच्यांपेक्षा बरंच लहान झालं असेल, तर पोरगं बाजूला न ढकलता पंजाने मागे ढकलतंय. किंवा बूट ढगळ आहे. कधी कधी दोन्ही.

सगळ्यात जास्त सांगणारी जागा म्हणजे डाव्या बुटाच्या चाकांची बाहेरची कड. ट्रॅकवर शर्यती डावीकडे वळत होतात. वळणावर उजवा पाय डाव्यावरून पुढे येतो आणि त्याच वेळी डावा पाय खालून, बाहेरच्या कडेवर, ढकलतो. हे नीट होत असेल तर तिथं थोडी तरी झीज दिसते. एक बारा वर्षांची पोरगी आली होती. वर्षभर सरावात, पण डाव्या बुटाची बाहेरची कड दुकानातून आत्ता आणल्यासारखी गुळगुळीत. वडील ११० मिलीमीटरची चाकं घ्यायला निघालेले. त्यांना म्हटलं, सरांना आधी हिचा डावा पाय बघायला सांगा. ती वळणावर उजवा पाय नुसता उचलून पुढे ठेवत होती, डावा काहीच काम करत नव्हता. दीड महिन्याने त्याच जुन्या चाकांची बाहेरची कड खरखरीत झाली होती, आणि वळणावर ती मागे पडायची थांबली होती.

तपासा : याआधी चाकं कधी अदलाबदल केली होती, हे आठवून लिहून ठेवा. ते माहीत नसेल तर ही झीज काहीच सांगत नाही. अशा वेळी टप्पा २ करा, महिनाभर चालवा आणि मग वाचा.

## टप्पा २ : जुना जोड साफ करा

घाणीने अडलेला जुना जोड आणि डब्यातून काढलेला नवा जोड यांची तुलना केली तर नवाच जिंकणार. तो विजय अर्धा साफसफाईचा असतो.

चार चाकांच्या जोडाला एकूण १६ बेअरिंग असतात, प्रत्येक चाकात दोन. जवळजवळ सगळीकडे एकच माप: आतलं भोक ८ मिलीमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. त्यामुळे खराब झालेलं एखादंच बेअरिंग बदलता येतं, सोळाच्या सोळा बदलावी लागत नाहीत.

१. एलन कीने (बहुतेक ४ मिलीमीटरची लागते) एका वेळी एकाच बुटाचे नट, म्हणजे चाकातून आरपार जाणारे ॲक्सलचे बोल्ट, काढा. चाकांवर खडूने डावा-उजवा आणि क्रमांक लिहा.

२. ॲक्सलवर गुंडाळलेले दोरे आणि केस चिमट्याने काढा. आपल्याकडे हे फार सापडतं. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या गल्लीत पोरं फिरतात आणि सुताचा बारीक धागा बेअरिंगच्या तोंडाशी करकचून बसतो. एकदा एका चाकातून मी वीतभर लांब पिवळा धागा ओढून काढला. तो निघताच चाक सुटलं. घरचे तोवर नव्या बेअरिंगचे भाव विचारत होते.

३. बेअरिंग चाकातून काढा. दोन बेअरिंगच्या मध्ये एक छोटी नळी असते, स्पेसर. ती सांभाळा, घरंगळून कपाटाखाली जाते.

४. बेअरिंगला रबरी झाकण असेल तर सुईने आतल्या कडेकडून अलगद उचला. झाकण रॉकेलमध्ये टाकू नका, फुगतं. धातूचं झाकण आणि भोवती बारीक तारेची कडी असेल तर कडी काढून झाकण निघतं. काही बेअरिंगची झाकणं उघडतच नाहीत, त्यांच्याशी झटू नका.

५. झाकणाच्या बाटलीत रॉकेल घेऊन बेअरिंग खळखळून हलवा. रॉकेल काळं झालं की बदला. दोनदा-तीनदा पुरतं. हे गच्चीवर किंवा अंगणात करा, गॅसजवळ नको.

६. सुती फडक्यावर पूर्ण वाळवा. मग शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. शिलाईची कामं घरोघरी असलेल्या या गावात ते तेल शोधावं लागत नाही. खोबरेल घालू नका, काही दिवसांत चिकट होतं. गंज सोडवायचा फवारा हे वंगण नव्हे, त्याने उलट असलेलं तेल धुऊन जातं.

७. झाकण बसवा, बेअरिंग चाकात पूर्ण आत दाबा, मध्ये स्पेसर आहे ना बघा.

आता चाकं परत लावताना जागा बदला. त्याच बुटात ठेवायची असतील तर पहिलं आणि तिसरं, दुसरं आणि चौथं यांची अदलाबदल करा आणि प्रत्येक चाक उलटं फिरवा, म्हणजे झिजलेली कड बाहेर जाईल. एका पायाची झीज जास्त असेल तर चाकं दुसऱ्या बुटावर न्या, पण मग उलटी फिरवू नका. उजव्या बुटाची आतली बाजू डावीकडे तोंड करून असते. तेच चाक तसंच सरळ डाव्या बुटावर नेलं की ती बाजू आपोआप बाहेर येते. इथं हमखास गोंधळ होतो. लोक दुसऱ्या बुटावर नेतात आणि वर उलटंही करतात, मग झिजलेली कड पुन्हा आतच जाते.

तपासा : नट पूर्ण आवळून चाक फिरवा. लगेच थांबत असेल तर स्पेसर राहिलाय किंवा बेअरिंग तिरकं बसलंय. नट ढिला ठेवून चाक फिरतंय म्हणून खूश होऊ नका, असा नट वाटेत निघतो.

## टप्पा ३ : आठ दिवस मोजा

काहीही विकत घेण्याआधी तीन आकडे वहीत हवेत. जागा एकच ठेवा: शाळेचं कोर्ट, सोसायटीच्या आतला रस्ता, काहीही चालेल, पण वाहनं नकोत. वेळही एकच, शक्यतो सकाळची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी पोरगंही दमतं आणि चाकही मऊ पडतं. सकाळचा आणि दुपारचा आकडा एकमेकांशी लावू नका. वाराही बघा.

पहिला आकडा एका पायाच्या ग्लाइडचा. पाच स्ट्रोक (पायाने ढकलणं) मारायचे, खडूच्या रेषेवर एक पाय उचलायचा आणि पाय टेकेपर्यंत किती लांब गेलं ते मोजायचं. प्रत्येक पायावर तीनदा. दुसरा आकडा स्ट्रोकचा: ५० मीटर सरळ अंतर नेहमीच्या वेगात पार करायला किती स्ट्रोक लागले आणि किती सेकंद. तिसरा वळणाचा: खडूने पाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून पाच फेऱ्या डावीकडे, पाच उजवीकडे, दोन्हींची वेळ.

हेल्मेट, मनगटाचं पॅड, गुडघ्याचं पॅड, कोपराचं पॅड, चारही हवीत. पडताना हात आधी पुढे जातो आणि या खेळात मनगटच सगळ्यात जास्त मोडतं, म्हणून मनगटाचं पॅड "टोचायलंय" म्हणून काढून ठेवलं तर त्या दिवशी मोजमाप बंद.

मधल्या पाच-सहा दिवसांत पोरगं सराव करत राहील. आठव्या दिवशी तेच आकडे पुन्हा घ्या.

## टप्पा ४ : अडतंय कुठं ते ठरवा

डाव्या आणि उजव्या पायाच्या ग्लाइडमध्ये मोठी तफावत असेल, तर ती नव्या स्केटने बहुधा सुटणार नाही. दोन्ही पायांत सारखाच स्केट आहे, मग दोष स्केटचा कसा? कमजोर पायावर रोज घरात, अनवाणी, गुडघा किंचित वाकवून उभं राहायला लावा. अर्धा मिनिट न डुगडुगता उभं राहता येत नसेल, तर आखूड कॉलरच्या रेसिंग बुटांचा विचार सध्या नको. त्या बुटात घोट्याला आधार कमी असतो, तोल पायाला स्वतःलाच सांभाळावा लागतो.

सेकंद ठीक पण स्ट्रोक फार लागतात, म्हणजे पोरगं धावतंय, ढकलत नाही. गुडघे सरळ असतात, ढकल छोटी असते. मागून व्हिडिओ काढून सरांना दाखवा.

वळणाच्या दोन दिशांत थोडा फरक सगळ्यांचाच असतो. पण डावीकडेच, म्हणजे शर्यतीच्याच दिशेला, वेळ जास्त लागत असेल तर टप्पा १ मधली डावी बाहेरची कड पुन्हा बघा.

मग स्केट बदलायचा कधी? बूट आवळूनही टाच उचलली जाते, घोटा आत कोसळतो, पायाची बोटं पुढं दाबली जातात. चाकं इतकी लहान झालीत की फ्रेम वळणावर रस्त्याला घासते. फ्रेमला चीर आहे किंवा नटाची आटी गेलीय. किंवा पोरगं आहे त्या चाकांवर दोन्ही पायांवर सारखं, लांब ग्लाइड करतंय, वळणं येतात, आणि तरीही सरळ रेषेत वेग वाढत नाही. ही कारणं खरी.

सावध : "शेजारच्याने घेतला" हे कारण वरच्या यादीत नाही.

## टप्पा ५ : बूट, सगळ्यात आधी

पैसे मोजकेच असतील तर बुटात घाला. चाकं, बेअरिंग नंतर कधीही बदलता येतात, चुकीच्या बुटात लागलेली सवय मात्र वर्षभर जात नाही. हे मी स्वतः करून बसलोय. पुतण्याला बूट घेताना दोन नंबर मोठा घेतला, "वर्षभर पुरेल" म्हणून. पुढे कापूस भरला. पाय आत हलायचा, मग लेस करकचून आवळायचो, मग तो म्हणायचा, "काका, पाय मुंग्या यायलाय." टाच सुटते म्हणून तो पंजाने ढकलायला शिकला. नंतर मापाचा बूट आणला तरी पंजाने ढकलणं जाईना. सरांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून स्ट्रोक शिकवला.

माप असं घ्या. संध्याकाळी, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असताना. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर वजन. पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटाची खूण करा आणि भिंतीपासून मिलीमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. चपलेचा नंबर सांगून स्केट मागवू नका, कंपनीगणिक नंबर बदलतो. त्या कंपनीच्या तक्त्यात मिलीमीटर बघा. वाढत्या पायासाठी पाच मिलीमीटरच्या आसपास जागा ठेवा. एक सेंटीमीटर फार झालं.

घालून बघताना पायात पातळ मोजे, आणि खोलीत गादीवर किंवा सतरंजीवर. ताठ उभं राहिलं की बोटं पुढं जेमतेम टेकावीत, वाढीची जागा ठेवली असेल तर तेवढंच अंतर राहावं, आणि गुडघे वाकवले की मागे सरकावीत. गुडघे वाकवूनच टाच उचलायला सांगा. टाच बुटात उचलली गेली तर बूट मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो.

काही रेसिंग बूट गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. कंपनीने तसं लिहिलं असेल तरच आणि तिने दिलेल्या तापमानालाच. आणि कुठलाही बूट उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. सोलापूरच्या उन्हात डिंक सुटतो, तळवा निघतो.

## टप्पा ६ : चाकं

चाकावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९० मिमी आणि ८५ए. पहिला व्यास, दुसरा कडकपणा.

व्यास मोठा म्हणजे वरचा वेग जास्त, भेगा-खड्डे सोपे. पण उचल घ्यायला वेळ लागतो, उभं राहायची उंची वाढते आणि घोट्यावर ताण येतो. हलक्या, लहान पोराला मोठं चाक म्हणजे चढावर मोठ्या गियरची सायकल, पायडलच मारता येत नाही. ८०-९० वर ज्याचा ग्लाइड पक्का नाही त्याला १०० किंवा ११० देऊन फक्त पडण्याचा वेग वाढतो. फ्रेमला किती मोठं चाक बसतं हे बहुतेक फ्रेमवर लिहिलेलं असतं, आधी ते वाचा. स्पर्धेत त्या वयोगटाला चाकाच्या मापाची मर्यादा आहे का, हेही सरांना विचारून घ्या. नंतर कळलं तर चाकं कपाटात जातात.

कडकपणाचा आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. गुळगुळीत ट्रॅकवर कडक चाक पळतं. खडबडीत डांबरावर तेच चाक पायाला झिणझिण्या आणतं, आणि फरशीवर किंवा बारीक धूळ बसलेल्या सिमेंटवर वळताना निसटतं. आपली पोरं बहुतेक मिळेल त्या जागेवर सराव करतात, त्यामुळे ८५ए च्या आसपासचं चाक बरं. ट्रॅकच्या स्पर्धेला वेगळा, कडक संच ठेवता आला तर उत्तम, नाही तरी चालेल.

माझा सल्ला: जुन्या बुटात दोष नसेल तर आधी त्याच मापाची नवी चाकं घालून महिनाभर बघा. अख्ख्या जोडाच्या तुलनेत खर्च किरकोळ, आणि बऱ्याचदा तेवढंच लागतं.

## टप्पा ७ : फ्रेम आणि बेअरिंग

फ्रेमचं एकच लक्षात ठेवा. बुटाच्या तळव्यातल्या दोन भोकांमधलं अंतर आणि फ्रेमचं अंतर जुळलं पाहिजे. रेसिंग बुटांत ते साधारण १६५ किंवा १९५ मिलीमीटर असतं. वेगळी फ्रेम, वेगळा बूट मागवणारे इथंच फसतात.

बेअरिंगबद्दल जरा रागाने लिहितो. "मालक, एबेक नऊ बसवा की, सुसाट पळेल!" एबेकचा आकडा बेअरिंग किती बारकाईने घडवलंय हे सांगतो, ते किती पळेल हे नाही. आतल्या गोळ्या कशा, तेल कसलं, धूळ किती अडते, हे त्या आकड्यात येत नाही. हातात धरून चाक किती वेळ फिरतं याचंही कौतुक नको. ग्रीस भरलेलं नवं बेअरिंग हातात हळू फिरतं, पोराचं वजन पडल्यावर नीट चालतं. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरून आलेलं एबेक नऊ न पुसता पिशवीत ठेवलं की गंजतं. साधं बेअरिंग वेळेवर साफ केलं तर ते त्याच्या पुढं जाईल.

## टप्पा ८ : नवा जोड पायात

स्पर्धा तीन आठवड्यांच्या आत असेल तर नवा जोड डब्यातच राहू द्या. जुन्यावर पळू द्या.

पहिले चार-पाच दिवस रोज अर्धा तास, त्यात शर्यत नको, फक्त ग्लाइड, थांबणं आणि मोठी वळणं. सराव झाला की मोजे काढून पाय बघा. लाल झालेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी आधीच चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावली तर आठवडा बुडतो.

फ्रेम बसवताना ती टाचेच्या मधोमध आणि पुढे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून सुरुवात करा. पोरगं सरळ ग्लाइड करताना एक पाय सारखा आत वळत असेल तर फ्रेम एक-दोन मिलीमीटर सरकवा, एका वेळी एकच बूट, एकच टोक. मग दोन दिवस चालवा. एका बैठकीत चार बदल केले तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, काही कळत नाही. बूट, चाकं, फ्रेम यांनाही हाच नियम: एक बदल, दोन आठवडे, मग पुढचा.

तपासा : पहिल्या सरावानंतर सगळे नट पुन्हा आवळा. नव्या जोडाचे नट पहिल्याच दिवशी ढिले होऊ शकतात.

## टप्पा ९ : चौथ्या आठवड्यात पुन्हा मोजा

पहिल्या आठवड्यात मोजू नका. नव्या बुटाच्या आनंदात पोरगं तसंही जोरात पळतं. चौथ्या आठवड्यात, त्याच जागी, त्याच वेळी, तेच तीन आकडे घ्या आणि त्याच सकाळी जुन्या जोडावरही एकदा घ्या. जुना जोड तोवर विकू नका, हे त्यासाठीच. दोन्ही जोडांवर आकडे सारखेच सुधारले असतील तर सुधारणा सरावाची आहे. नव्यावर सुधारले आणि जुन्यावर नाही, तर बदल कामाचा. नव्यावर बिघडले असतील तर आधी टाच आणि घोटा बघा, मग चाकाचा व्यास. मोठ्या चाकांवर ग्लाइड वाढून वळणाची वेळही वाढलेली असते, असं बऱ्याचदा दिसतं. तिथं लहान चाकं परत लावायला लाजू नका.

मोजून झालं की जुने बूट सावलीत वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि त्याच हंगामात कुणाला तरी देऊन टाका. माळ्यावर दोन पावसाळे राहिलेले बूट माझ्याकडे येतात तेव्हा बेअरिंग गंजलेलं असतं, तळवा सुटलेला असतो, आणि ज्या धाकट्यासाठी ठेवले होते त्याचा पाय तोवर त्यांच्यापेक्षा मोठा झालेला असतो.